वाड्याला दिवे नवे, वायर आजोबांची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वाड्यांच्या नूतनीकरणावर सचित्र लेख आला होता. लेख छान, फोटो त्याहून छान. कडीपाटाला नव्यानं तेल दिलेलं, खांबांच्या तळखड्यांवरचा ऑइलपेंट खरवडून दगड मोकळा केलेला, ओसरीवर ओळीनं पितळी टांगते दिवे. मी मात्र त्या फोटोत भलतंच शोधत होते. दिव्याच्या साखळीतून वर गेलेली वायर पिळाची होती, सोनेरी कापडी वेष्टनाची आणि दोनपदरी. दोन पदर म्हणजे वीज आणणारी फेज आणि परत नेणारा न्यूट्रल. तिसरा, अर्थिंगचा हिरवा पदर, म्हणजे दोष आला तर वीज जमिनीत नेणारा, कुठे दिसला नाही. पितळेचा दिवा, उंच माणसाच्या हाताला सहज लागेल असा टांगलेला, आणि त्याला अर्थिंग नाही. लेखात फरशी कुठून आणली, चुना किती दिवस मुरवला, तेल कुठलं वापरलं हे सगळं होतं. विजेबद्दल एकच ओळ होती, ‘दिव्यांची रचना जुन्या वळणाची ठेवली आहे’. त्या ओळीसाठी हे पत्र.

वाईला आमचं विजेच्या सामानाचं दुकान आहे, सासऱ्यांनी काढलेलं. मिस्टर शाळेत होते, त्यामुळे गल्ल्यावर मी बसले ती आजतागायत. माझ्याकडे वायरमनचं लायसन्स नाही आणि पक्कड घेऊन मी कुणाच्या घरी गेलेली नाही. पण कोणत्या घरात काय बसलं आणि काय बसायचं राहिलं, हे वायरमनच्या चिठ्ठीवरून मला जितकं कळतं तितकं घरमालकालाही कळत नसेल. गावाच्या तब्येतीची खबर औषधवाल्याला लागते, तसंच हे.

‘वाड्याचं काम आहे, काकू’ म्हणून येणारी चिठ्ठी साधारण ठरलेली असते. मॉड्युलर प्लेटी, स्विच, एमसीबीचा (जास्त भार आला की आपोआप पडणाऱ्या स्विचांचा) डबा, एलईडी पॅनल, स्ट्रिप, जुन्या बल्बसारखे दिसणारे पिवळे फिलामेंटचे एलईडी आणि टेपच्या गुंडाळ्या. टेप जास्त मागितली की मी समजते, जुन्या वायरला नवे तुकडे जोडायचे आहेत. वायर असलीच तर लाल आणि काळी. लाल-काळ्याची ९० मीटरची बंडलं येतात आणि जातात. हिरव्या बंडलाच्या खोक्यावरची धूळ मात्र मला दसऱ्याला पुसावी लागते. गीझर, एसी किंवा पंप असला तर हिरवी वायर जाते. दिव्यांसाठी म्हणून कुणी हिरवी मागितली तर त्या वायरमनला मी चहा पाजते.

मी विचारते, ‘लाईटच्या पॉइंटला अर्थिंग नेणार ना?’ उत्तर ठरलेलं, ‘अहो काकू, नऊ वॅटच्या बल्बला कसली अर्थिंग!’

एके काळी हे उत्तर चालण्यासारखं होतं. जुन्या फिटिंगमध्ये भिंतीवर लाकडी राउंड ब्लॉक, त्यावर काळा बॅकेलाइटचा स्विच, छताला चिनीमातीचा किंवा बॅकेलाइटचा सीलिंग रोज (वायर खाली सोडणारी गोल वाटी), खाली पेंडंट होल्डर आणि त्यात बल्ब. लाकूड, चिनीमाती, बॅकेलाइट. हात लागेल असं धातूचं फारसं काही नव्हतंच. ज्यांनी ते केलं त्यांनी आपल्या काळाच्या मानानं नीटच केलं होतं. आता त्याच दोन वायरींच्या टोकाला पितळी झुंबर, स्टीलचे स्पॉटलाइट, अल्युमिनियमच्या पट्टीतली स्ट्रिप आणि भिंतीत लोखंडी स्विच-बॉक्स येतो. धातू आला, हिरवी वायर आली नाही. आत कुठे फेज बॉडीला टेकली तर दिवा छान पेटत राहतो आणि बॉडीला २३० व्होल्ट येऊन बसतात. ते कळतं जाळी पुसायला चढलेल्या माणसाला. ज्या दिव्यावर चौकोनात चौकोन अशी खूण छापलेली असते त्याला दुहेरी वेष्टन असतं, तिथे अर्थिंगची गरज नाही. बाकी धातूच्या दिव्यांना बहुधा अर्थिंगचा स्क्रू दिलेला असतो. वायरमन तो रिकामा सोडतात आणि मालकाला तो कशाचा स्क्रू आहे हे ठाऊक नसतं.

आमच्याच वाड्याचं सांगते. दिवाणखान्याचा रंग काढायचा होता म्हणून फिटिंग उघडलं आणि घराण्याची वंशावळ बाहेर आली. पुढच्या खणांत सागवानी केसिंग-कॅपिंग. दोन खाचांची लाकडी पट्टी, एका खाचेत फेज, दुसरीत न्यूट्रल, वरून पितळी स्क्रूनं बसवलेलं झाकण. सुताराचं काम इतकं नेटकं, की काढताना जीवावर आलं. आत कापडी विणीची रबरी वायर. आमच्याबरोबरच्या पोरानं ती कापली आणि आत चंदेरी तार बघून म्हणाला, ‘काकू, अल्युमिनियम!’ ते अल्युमिनियम नव्हे, तांबंच. वर कथलाचा मुलामा दिलेला. त्या काळच्या रबरात गंधक असायचं आणि गंधक तांब्याला खातं, म्हणून कल्हई केल्यासारखी तार वापरत. पट्टीच्या मध्यावर ते रबर अजून वाकत होतं. सीलिंग रोजपाशी, जिथे वर्षानुवर्षं शंभर वॅटच्या बल्बची धग लागली होती, तिथे बोट लावताच भुगा पडला. म्हणून वायर तपासायची तर दिव्याच्या टोकाला तपासावी. स्विचपाशी ती नेहमीच बरी दिसते, आणि पाहुणा वायरमन नेमकी तिथेच बघतो, कारण तिथे शिडी लागत नाही.

माजघरात बॅटन पट्टी आणि तिच्यावर टिनच्या क्लिपांत धरलेली वायर, सासऱ्यांच्या काळातली. पोटमाळ्यावर सत्तरच्या दशकातली अल्युमिनियमची. तेव्हा तांबं महाग आणि दुर्मीळ होतं. अल्युमिनियम स्क्रूखाली दबत जातं, स्क्रू सैल पडतो, सैल जागी ठिणगी होते. आणि ते जिथे तांब्याला पिळून जोडलेलं असतं तिथे दमटपणा लागला की सांधा कुजतो. आमच्याकडे असा एक सांधा कडीपाटाच्या फळीला टेकूनच होता. फळीवर तळहाताएवढा काळा डाग. आम्ही सगळे तो डाग धुराचा समजत होतो, कारण खाली पूर्वी चूल होती.

त्यानंतर नव्वदच्या दशकातली पीव्हीसी, उंदरांनी दोन ठिकाणी उघडी केलेली. आणि सर्वांत वर इन्व्हर्टरची वायर, त्या दिवशी ज्या रंगाचं बंडल उरलं होतं त्या रंगाची. फेज काळ्या वायरीतून! लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ, हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. जुन्या घरात रंगावर विसंबू नका. रबरी वायर तर वयानं सगळीच एका रंगाची होते.

एलईडी आल्यापासून या सगळ्यावर पांघरूण पडलंय. २०१५ पासून उजाला योजनेतून घरोघरी एलईडी बल्ब गेले, चांगलंच झालं, माझा बल्बचा धंदा बसला ते सोडा. पण हिशोब बघा. लाईटच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट, हा वायरमनच्या शिक्षणातला जुना नेम. दहा पॉइंटांवर साठचे बल्ब असतील तर ६०० वॅट, म्हणजे अडीच अँपियरच्या वर. त्याच जागी नऊ वॅटचे एलईडी लावले की जेमतेम ०.४ अँपियर. वायरीत होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती चाळिसाव्या हिश्श्याच्याही खाली गेली. पूर्वी जुनी वायर तापायची, वास यायचा, फ्यूज उडायचा. ती काहीतरी सांगायची. आता ती गप्प आहे आणि लोक म्हणतात, ‘साठ वर्षं झाली, काही झालं नाही, उत्तम माल होता.’ वेष्टनाला वॅटशी देणंघेणं नाही. दिवा नऊचा असो की शंभरचा, त्या भुगा झालेल्या रबरावर दाब २३० व्होल्टचाच आहे. आणि जागा रिकामी झाली की भरायला माणूस बसलेलाच असतो. लाईटच्या बोर्डावर पाच अँपियरचा सॉकेट असतो, त्यात इस्त्री जाते, आंघोळीच्या पाण्याचा रॉड जातो. मग त्याच वायरीतून आठ-नऊ अँपियर धावतात.

दुसरी एक तक्रार दुकानात नेहमी येते. स्विच बंद केला तरी एलईडी रात्री मिणमिणतो. बल्ब बदलून न्यायला येतात. एका आजींना तर घरात काही बाहेरचं आहे असं वाटत होतं. स्विचमध्ये छोटा इंडिकेटर असला तर असं होतं, लांबवर वायरी शेजारी-शेजारी गेल्या असतील तरी होतं. पण जुन्या घरात पहिला संशय घ्यावा तो स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर असल्याचा. साध्या बल्बच्या काळात हे कळायचं नाही, तो विझलेलाच दिसायचा. एलईडीला इवलासा प्रवाहही पुरतो, म्हणून तो चुगली करतो. याचा अर्थ असा, की स्विच बंद असतानाही होल्डरला फेज पोचलेली आहे. स्टुलावर उभं राहून बल्ब बदलणाऱ्यानं हे लक्षात घ्यावं.

याचंच मोठं भावंड म्हणजे न्यूट्रलमधला फ्यूज. जुन्या लाकडी पाटावर किटकॅट, म्हणजे तार घालायचे चिनीमातीचे फ्यूज जोडीनं असत, एक फेजला आणि एक न्यूट्रलला. न्यूट्रलचा उडाला की घरात अंधार, आणि वायरी मात्र जिवंत. १९५६ च्या वीज नियमांतच न्यूट्रलमध्ये असा सुटा फ्यूज घालायला मनाई होती. तरी असे पाट आजही वाड्यांतून निघतात. मोडीत विकायला आणतात, तेव्हा मी बघते.

आता ‘आम्ही सगळं नवं केलं, एमसीबी बसवले’ म्हणणाऱ्यांविषयी. एमसीबी कशासाठी असतो, तर वायर जळू नये म्हणून. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर बंद पट्टीत दहा-बारा अँपियर सोसते. तिच्यावर सहाचा, फार तर दहाचा एमसीबी हवा. चिठ्ठीत मात्र सगळे ३२ चे असतात. का? ‘सारखा पडला तर गिऱ्हाईक बोलावतं, काकू.’ ३२ चा एमसीबी पडायच्या आत पट्टीतल्या वायरीचं वेष्टन वितळलेलं असेल. किटकॅटमध्ये जाड तार घालणाऱ्या आजोबांना आपण हसतो. नातू तेच करतो, फक्त पांढऱ्या डब्यात.

आणि माणूस चिकटला तर एमसीबी पडत नाही, कितीचाही असो. सहा अँपियरचा असला तरी त्याला पडायला सहाच्या वर प्रवाह लागतो. माणसाचा जीव जायला ३० मिलिअँपियरच्या आसपासचा प्रवाहही पुरू शकतो, म्हणजे त्याचा दोनशेवा भाग. त्यासाठी आरसीसीबी असतो, ज्याला सगळे अजून ईएलसीबी म्हणतात. तो एवढंच बघतो, की फेजमधून जेवढी वीज गेली तेवढी न्यूट्रलमधून परत आली की नाही. फरक पडला की बंद. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत ठरावीक भारापुढच्या जोडणीला गळती ओळखणारं असं उपकरण बंधनकारक होतं, आणि त्यांच्या जागी २०२३ मध्ये आलेल्या नियमांतही ते आहे.

हा आरसीसीबी माझ्याकडे ‘खराब’ म्हणून परत येणारा पहिल्या नंबरचा माल आहे. ‘काकू, लावला की पडतो. दुसरा द्या.’ दुसराही पडतो. मग तिसऱ्या दिवशी वायरमन तो बाजूला काढून वायर सरळ जोडून देतो, घर उजळतं, मालक खूश. अहो, तो पडतो कारण तो चांगला आहे! गळती घरात आहे. भिंतीत ओल आहे, रबर फुटलंय, कुठेतरी दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र पिळलेत. जुन्या घरात न्यूट्रल जवळ सापडेल तिथून उचलायची रीत होती. दिव्याची फेज एका सर्किटची, न्यूट्रल दुसऱ्याचा. दिवा लागतो, पण आरसीसीबीचा हिशोब जुळत नाही. इन्व्हर्टर बसवताना तर हा गोंधळ हमखास होतो. त्याची फेज निराळी ओढतात आणि न्यूट्रल घरचाच ठेवतात. वर आणखी एक. लोक मेन बंद करून निर्धास्त होल्डरला हात घालतात. मेन बंद झाला म्हणजे इन्व्हर्टरच्या दृष्टीनं वीज गेली, आणि वीज गेली की तो काय करतो? लाईटच्या सर्किटला वीज देतो. डीबीच्या, म्हणजे एमसीबीच्या डब्याच्या, दारावर ‘इन्व्हर्टर वेगळा बंद करा’ एवढी चिठ्ठी चिकटवायला काही खर्च नाही.

वाटण्या झालेल्या वाड्यांत तर विचारू नका. भावाभावांत मधे भिंत आली, मीटर दोन झाले, पण जिन्यातला दिवा कुणाचा हे कोर्टातही ठरलं नाही. तेव्हा फेज थोरल्याच्या मीटरवरून आणि न्यूट्रल धाकट्याकडून. हे मी कल्पनेनं लिहीत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर ‘अर्थ’ किंवा ‘ईएल’ लिहिलेला बारीक लाल दिवा असतो. तो जळत असेल तर गेलेली आणि आलेली वीज जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. लोक मीटर पळतोय म्हणून अर्ज करतात, कंपनीशी भांडतात. मीटर बहुतेक वेळा बरोबर असतो. भांडण जिन्यात असतं. आमच्या आळीत असा एक दिवा सापडला तेव्हा दोन्ही घरांनी तो ‘आमचा नाही’ म्हणून सांगितलं, आणि कापायला निघालो तर दोन्ही घरांनी हरकत घेतली.

अर्थिंगची आणखी एक गोष्ट. जुन्या घरांत अर्थिंगची तार न्हाणीघरातल्या नळाच्या लोखंडी पाइपाला क्लॅम्प लावून जोडलेली असे. पाइप जमिनीत जात होता, चालून गेलं. मग नळाचे पाइप गंजले आणि प्लॅस्टिकचे आले. प्लंबरनं क्लॅम्प काढला किंवा उरलेल्या हातभर लोखंडाला तसाच ठेवला. आता ती तार नुसती भिंतीवर आहे. तिच्याशी जोडलेल्या घरातल्या एका वस्तूला दोष आला तर त्या तारेवरून बाकी सगळ्या वस्तूंच्या बॉडीला वीज येते. प्लंबर आणि वायरमन यांची एकमेकांशी कधी गाठच पडत नाही, त्याला कोण काय करणार. अंगणात स्वतंत्र खड्डा घ्यावा, नियमाप्रमाणे इलेक्ट्रोड पुरावा, उन्हाळ्यात त्यात पाणी घालावं. तुळशीला घालताच, तेव्हा तिथेही तांब्याभर जास्त.

वाड्यात नवं फिटिंग करायचं म्हणजे भिंती फोडाव्या लागतील, या भीतीनं लोक थांबतात. ती भीती रास्त आहे, पण भिंत फोडायचीच नाही. माती-विटांच्या भिंतीला कटर लावून झिरी मारू नये. माती हलते, गिलावा फुगतो, आणि आत बुजवलेला पाइप पहिल्या पावसाळ्यातच ओल धरतो. वाड्याला ओपन फिटिंगच शोभतं आणि तेच बरं. आम्ही तुळयांच्या मागच्या बाजूनं पाइप नेले, खालून बघणाऱ्याला दिसत नाहीत. पाइप उंदीर कुरतडणार नाही असा कडक घेतला. वर लाकूड असल्यानं वायर एफआरएलएस घेतली, म्हणजे आग सहज धरत नाही आणि धूर कमी करते. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल थेट डीबीपर्यंत स्वतंत्र. दिव्यांना १.५ ची वायर आणि बरोबर हिरवी, प्रत्येक पॉइंटपर्यंत, मग तिथे आज धातूचा दिवा असो वा नसो. उद्या सून झुंबर आणेल.

दिवाणखान्यातलं सागवानी केसिंग मात्र काढलं नाही. पॉलिश करून तसंच ठेवलंय, आतून रिकामं. पितळी टोप्यांचे गोल स्विचही भिंतीवर आहेत. नातवंडं खटखट करतात, वायर एकालाही नाही. पुरवणीतल्या लेखकाला जुनं वळण हवं असेल तर ते असं ठेवता येतं. जुनी वायर ‘मेलेली आहे, राहू दे’ म्हणून आत सोडू देऊ नका, एवढं पाहा. मेलेल्या वायरीचं दुसरं टोक कुठे जिवंत आहे हे पुढच्या वायरमनला कळायला मार्ग नसतो. आणि झाकणं लावायच्या आधी प्रत्येक खणाचे फोटो काढून त्यांची प्रिंट डीबीच्या दाराला आतून लावा. फोनमध्ये ठेवू नका, फोन बदलतो.

एकदम सगळं झेपत नसेल तर खोली-खोलीनं करा, पण डीबीपासून सुरू करा, दिव्यापासून नको. खर्चाचं म्हणाल, तर ओसरीवरच्या एका पितळी दिव्याच्या किमतीत हिरव्या वायरचं बंडल येतं.

आता मागणं. नवं मीटर घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. पण साठ वर्षांच्या घरात नाव बदललं, भार वाढवला, खालच्या मजल्यावर होम-स्टे काढला, तर आतल्या वायरीचं नव्यानं काय झालं हे कुणी पाहिल्याचं मला दिसलेलं नाही. आणि टेस्ट रिपोर्टही घर न बघता भरून मिळतो, हे वायरमन माझ्याच काउंटरवर एकमेकांना सांगत असतात. जुन्या घराचा भार वाढवताना किंवा पाहुणे ठेवायचा परवाना देताना मेगरचं (वायरीचं वेष्टन किती शाबूत आहे हे मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग आणि आरसीसीबी चालू असल्याची नोंद मागावी, आणि ते घेणारा माणूस प्रत्यक्ष घरी जावा. हे वीज कंपन्यांनी आणि नगरपालिकांनी मनावर घेतलं तर होण्यासारखं आहे. आमच्याकडे वाड्यांत शूटिंग चालतं, तेव्हा ती मंडळी जनरेटर घेऊन येतात, घरच्या विजेला हात लावत नाहीत. पाहुणे तसं करत नाहीत, ते आल्या-आल्या चार्जर लावतात.

आणि आपल्याकडे मागणं असं, की यापुढे जुन्या घराच्या नूतनीकरणावर लेख छापाल तेव्हा लेखकाला तीन गोष्टी विचारायला सांगा. वायर बदलली का? दिव्याच्या पॉइंटपर्यंत अर्थिंग आहे का? आरसीसीबीचं टेस्टचं बटन दाबलं तर तो पडतो का? फरशीच्या पत्त्याच्या खाली दोन ओळी मावतील.

दुकानदारीण वायर खपवायला निघाली, असंही कुणी म्हणेल. प्लेटी आणि फॅन्सी दिव्यांवर जेवढं सुटतं तेवढं वायरीवर सुटत नाही, हे कुठल्याही दुकानदाराला विचारा. वायर कुठूनही घ्या. आयएसआयची खूण आणि आयएस ६९४ (वायरीचं मानक) एवढं बघून घ्या. दुकानात ५०० व्होल्टचा मेगर आहे. वाई परिसरातल्या कुणालाही, परवानाधारक वायरमन बरोबर असेल तर, तो एक दिवस विनामूल्य देते. संपूर्ण घराचं रीडिंग १ मेगओहमच्या खाली आलं तर कुठे दोष आहे ते शोधल्याशिवाय इलाज नाही असं समजा. रीडिंग चैत्रात घेऊ नका, कोरड्या हवेत सगळ्याच वायरी सज्जन असतात. आषाढात या. सेल मात्र स्वतःचे आणावेत, मागच्या वेळचे परत आलेले नाहीत.

आपली,
विजेच्या सामानाची एक दुकानदार,
वाई, जि. सातारा